चौदावा नमुना

थेंबातून स्फटिक उचलायचं काम अजून माझ्याकडेच आहे.
पापणीच्या केसाएवढा नायलॉनचा फास
तळाशी न्यायचा, श्वास रोखायचा, वर.
लगेच नायट्रोजनमध्ये बुडी. उणे एकशे शहाण्णव.
त्यापुढचं सगळं त्या हाताकडे गेलं.

पांढरा, सहा सांध्यांचा, डॉक्टर मैथांनी मागवलेला.
रोडेल त्याला 'कुया' म्हणतो, त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं.
थोरल्या भावाला मी दोन महिने शिकवत होते:
पिन अशी धर. कॅमेऱ्यात बघ. फास मधोमध आण.
शून्य अंशावर एक फोटो, नव्वदवर एक.
ठिपके मोज. बरे असतील तर रांगेत लाव,
नसतील तर ठेव परत, पुढचा घे.
कोणाला हाक मारू नकोस.

आधी ती हाक मला यायची,
दर पाऊण तासाने, खुर्चीतल्या डुलकीत.
अंगावर रोडेलचं जाकीट, कारण इथला एसी कोणाचंच ऐकत नाही,
आणि वहीत माझं अक्षर:
अकरावा, चिरला. बारावा, बर्फ. बाहेर धूळ.
गुलजमीर नायट्रोजन घेऊन उशिरा आला,
पेशावरला त्याच्या मुलीचा पहिला दात पडला म्हणे.

काल रात्री मी मुसफ्फाच्या खोलीत झोपले होते, चक्क आडवी.
उशाशी फोन थरथरत होता.
नऊ: कमजोर.
दहा: बर्फ.
अकरा: उत्तम, रांगेत.
चौदा: मीठ. वगळला.

मी उठून बसले.
ती ओळ मीच लिहिलेली.
ठिपके मोजके, दूरदूर, भडक असले
तर ते प्रथिन नव्हे. 'मीठ' लिही, पुढे जा.
आम्हाला हवं होतं सांडणीच्या रक्तातलं एवढंसं काही;
थेंब सुकत गेला आणि आधी क्षारच धरला.
होतं असं. टाकून द्यायचं असतं.

पण आमच्याकडे, उरणच्या बाजूला, मीठ पिकायचं.
पिकायचं हाच शब्द, भातासारखा.
आप्पा कोंडीत अनवाणी उतरायचे
आणि टाचेखाली काय वाजलं त्यावरून सांगायचे,
आज नको, परवा ओढू.
गावात नमुना म्हणजे इरसाल माणूस,
नाहीतर ग्रामपंचायतीतला आठ नंबरचा कागद.
आप्पा पहिले होते.
दुसरा त्यांच्या नावावर कधी झाला नाही.
कोंडीच्या जागी आता कंटेनर आहेत, एकावर एक पाच.

इथेही आहे तसली जमीन. सबखा म्हणतात.
गेल्या थंडीत रुवैसच्या रस्त्याला गाडी थांबवून
मी चपला काढल्या होत्या.
कोणी राखत नाही, कोणी ओढत नाही, क्षितिजापर्यंत पापडी.
टाच टेकवली. वाजलं.
परवा, म्हटलं मी. मोठ्याने, मराठीत.
ट्रकवाला बघत गेला.

सकाळी अकराव्याचे आकडे पाहून सगळे खूश.
डॉक्टर मैथांनी खजूर वाटले,
हाताच्या पांढऱ्या खांद्यावरही कोणीतरी थाप मारली.
मी चौदाव्याची पिन चिमट्यात धरून भिंगाखाली नेली.
काय कडा होत्या! आप्पा वाकून बघत राहिले असते.
वीसेक सेकंद.
मग दव धरलं, धूसर झाला, ओघळला.

जेवणाच्या सुटीत मी ती ओळ उघडली.
'वगळ' तसंच राहू दिलं,
खाली एक ओळ वाढवली: फोटो ठेव.

रोडेलने विचारलं, मिठाचे फोटो? कशाला?
असू दे रे, म्हटलं.
अशी जागा किती लागते.